सिस्टरांची संयुक्त पदवी

उच्च शिक्षणासाठी कुणालाही घरदार सोडून लांब जावं लागू नये, या उदात्त हेतूने आमच्या भागात संयुक्त विभागीय पदव्युत्तर केंद्र सुरू करण्यात आलं. जुनं विद्यापीठ, मोठं विद्यापीठ आणि नवं विद्यापीठ यांनी एकत्र येऊन ते काढलं. तीन विद्यापीठं एकत्र येतात तेव्हा एकमेकांपासून किती लांब बसायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्यातच पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी केंद्राला जुन्या टेलिफोन कचेरीची इमारत मिळाली. ज्या इमारतीत एक अख्खी पिढी "हॅलो, ऐकू येतंय का?" असं बेंबीच्या देठापासून ओरडत आली, तिथे आता ज्ञानदान होणार याचा सर्वांना आनंदच झाला.

या केंद्राच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांमध्ये रुग्णालयातल्या सिस्टर होत्या.

सिस्टर लहान मुलांच्या वॉर्डाच्या प्रभारी प्रमुख होत्या. प्रभारी म्हणजे काम सगळं आपलं आणि खुर्ची दुसऱ्याची. ती खुर्ची ज्यांची होती त्या बाई कधीच्या निवृत्त झाल्या होत्या, पण प्रभार काही उतरला नव्हता. सिस्टरांच्या हाताखाली गोवराने फणफणलेली पोरं मोठी होऊन आता आपली पोरं घेऊन वॉर्डात येत होती आणि "आमच्याही वेळी ह्याच होत्या" म्हणून बायकोला दाखवत होती.

एके दिवशी अधीक्षकांनी सिस्टरांना बोलावलं. अधीक्षक स्वभावाने चांगले होते, म्हणजे वाईट बातमी देताना ते समोरच्याला आधी बसायला सांगत.

"बसा सिस्टर. नियम आलाय. यापुढे वॉर्डप्रमुख पदव्युत्तर पदवीधारकच हवा."

"साहेब, इतकी वर्षं मी हा वॉर्ड चालवतेय."

"तेच तर कुणाला कळता कामा नये," अधीक्षक आवाज खाली आणत म्हणाले. "पदवी नसताना इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं, हे वर समजलं तर आपण सगळेच गोत्यात येऊ. पुढच्या निवडीपर्यंत पदवी आणा, खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून कुणीतरी येईल, आणि तुम्ही परत साध्या पाळीवर."

वॉर्डात परत येऊन सिस्टरांनी एका रडणाऱ्या पोराला कडेवर घेतलं. ते गप्प झालं तरी बराच वेळ त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही.

घरी त्यांनी ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घातली. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. "घे प्रवेश," तो म्हणाला. "केंद्र आपल्यापासून चालत अंतरावर आहे. घराकडे मी आणि आई बघू."

"बघू म्हणजे?" सासूबाई आतून म्हणाल्या. "माझ्या चष्म्याची काडी मोडून महिना झाला. चष्मेवाल्याची आई आणि भिंत चाचपत चालते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तू जा गं. मी चाचपत बघीन."

केंद्राच्या कचेरीत तीन टेबलं होती आणि त्यांवर तीन विद्यापीठांच्या पाट्या. कारकून मात्र एकच होता, आणि तो त्या वेळी जुन्या विद्यापीठाच्या टेबलामागे बसला होता. सिस्टरांनी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. नोकरी सांभाळून शिकायचं आहे, पुढच्या निवडीच्या आत पदवी हवी आहे, दुपारनंतरच येता येईल. कारकुनाने मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"दुपारचे वर्ग मोठ्या विद्यापीठाकडे आहेत. त्या टेबलावर चौकशी करा."

सिस्टर त्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कारकूनही उठला, चालत आला, मोठ्या विद्यापीठाच्या पाटीमागे बसला आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"बोला, काय काम आहे?"

"आत्ताच तर सांगितलं."

"कुणाला?"

"तुम्हालाच की."

"बाई, ते जुन्या विद्यापीठाला सांगितलंत. त्यांचं-आमचं बोलणं नाही."

सिस्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोठ्या विद्यापीठाने त्यांना नव्या विद्यापीठाकडे पाठवलं. नव्या विद्यापीठाने, म्हणजे त्याच कारकुनाने तिसऱ्या खुर्चीत बसून, अतिशय आपुलकीने विचारलं, "आधीच्या दोघांनी फार त्रास दिला का हो?" शेवटी असं ठरलं की केंद्र संयुक्त असल्यामुळे सिस्टरांनी पेपर पहिला जुन्या विद्यापीठाचा, पेपर दुसरा मोठ्या विद्यापीठाचा आणि पेपर तिसरा नव्या विद्यापीठाचा घ्यावा. ही सोय विद्यार्थ्यांच्या हिताची आहे, असं समन्वयकांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. समन्वयक हे केंद्राचे प्रमुख. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "एक लक्षात घ्या, केंद्र शिकवत नाही आणि केंद्र पदवीही देत नाही. केंद्र फक्त जागा देतं."

वर्ग जिथे भरत ती खोली लांबलचक होती. मधोमध एक जाड पडदा सोडला होता. पडद्याच्या अलीकडे जुनं विद्यापीठ, पलीकडे मोठं. नवं विद्यापीठ उशिरा आल्यामुळे त्याच्या वाट्याला खिडकीजवळची पडवी आली होती. तिन्ही विद्यापीठांनी आपापला प्राध्यापक नेमला होता, आणि आमच्या भागात त्या पात्रतेचा माणूस एकच असल्यामुळे तिघांनीही त्याच सरांना नेमलं होतं. सर सज्जन होते. ते आधी पडद्याच्या अलीकडे शिकवत, मग पडद्याला वळसा घालून पलीकडे जात, "नमस्कार" म्हणत आणि तेच पुन्हा शिकवत. पेपर पहिला आणि पेपर दुसरा यांत फरक एवढाच होता की पहिल्यात ज्याला प्रस्तावना म्हटलं होतं, त्याला दुसऱ्यात समारोप म्हणत.

पडदा नजरेला अडवतो, कानाला अडवत नाही. सर अलीकडे बोलत असले की पलीकडच्यांना शब्द न् शब्द ऐकू येई. केंद्राच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं ते शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंमुळे. या बाई पलीकडे बसत. सरांनी अलीकडे एक विनोद केला, आणि बाई पलीकडे हसल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात नोटीस पडली : "आपण अन्य विद्यापीठाच्या विनोदास कोणत्या अधिकारात हसलात, याचा लेखी खुलासा करावा."

बाई रडकुंडीला आल्या. "अहो, हसू आलं म्हणून हसले," त्या सिस्टरांना म्हणाल्या.

"असं लिहू नका," सिस्टर म्हणाल्या. रुग्णालयात इतकी वर्षं काढल्याने खुलासा कसा लिहायचा हे त्यांना ठाऊक होतं. "लिहा, मला उचकी लागली होती."

उचकीचा खुलासा मान्य झाला, पण प्रश्न तत्त्वाचा होता. एका विद्यापीठाचं ज्ञान दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांच्या कानावर फुकट पडणं हा शैक्षणिक बेशिस्तीचा प्रकार आहे, असं तिन्ही विद्यापीठांचं एकमत झालं. केंद्राच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत. त्यानुसार आपली तासिका नसताना प्रत्येक विद्यार्थ्याने कानात कापूस घालून बसावं, असं परिपत्रक निघालं. सिस्टर रुग्णालयातल्या असल्याने कापूस त्यांनी आणावा, अशी समन्वयकांनी तोंडी विनंती केली.

"वॉर्डातला कापूस वॉर्डासाठी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"समाजकार्य म्हणून?"

"साहेब, समाजकार्यच चालतं तिथे."

मग सगळ्यांनी आपापल्या घरून उशा उसवून कापूस आणला. सिस्टरांची पंचाईत निराळी होती. त्या तिन्ही विद्यापीठांच्या असल्यामुळे त्यांना कापूस घालायचा, काढायचा, पडद्याला वळसा घालायचा आणि पुन्हा घालायचा, असं करावं लागे. एकदा गडबडीत कापूस काढायचा राहिला आणि घरी जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं की जगात आज विलक्षण शांतता आहे. त्या संध्याकाळी सासूबाईंशी त्यांचा एकही खटका उडाला नाही.

परीक्षा झाली. सरांपाशी टिपणं एकच असल्याने पेपर पहिला आणि पेपर दुसरा यांत एक प्रश्न तोच आला. सिस्टरांनी त्याचं उत्तरही तेच लिहिलं. जुन्या विद्यापीठाने त्यांना पहिल्या वर्गात उत्तीर्ण केलं. मोठ्या विद्यापीठाने नापास केलं.

सिस्टर सरांकडे गेल्या. सर पायरीवर बसून चहा पीत होते.

"सर, उत्तर एकच, आणि एकीकडे पहिला वर्ग, एकीकडे नापास?"

"उत्तर सुंदर होतं," सर मनापासून म्हणाले. "जुन्या विद्यापीठाचा परीक्षक म्हणून मी भारावून गेलो होतो. पण मोठ्या विद्यापीठाचा परीक्षक भारी कडक आहे हो. त्याच्या हातून सहसा कुणी सुटत नाही."

"पण सर, तो परीक्षक तुम्हीच ना?"

"म्हणूनच सांगतोय. मी त्याला चांगला ओळखतो."

"मग त्याला जरा सांगा ना."

सर कप खाली ठेवून ताठ झाले. "परीक्षकावर दबाव आणायला सांगताय? माझ्याच्याने ते होणार नाही. आणि तो ऐकणारही नाही." मग त्यांना दया आली असावी. "तुम्ही फेरतपासणी मागा. ती तटस्थ परीक्षकाकडे जाते. नव्या विद्यापीठाचा आहे. मवाळ माणूस."

नव्या विद्यापीठाच्या मवाळ माणसाने सिस्टरांना उत्तीर्ण केलं आणि शेऱ्यात लिहिलं की आधीच्या परीक्षकाचं अक्षर वाचता येत नाही.

तिन्ही पेपर सुटले. निवड जवळ आली होती. बाहेरून कुणीतरी उमेदवार येऊन वॉर्ड बघून गेल्याचंही सिस्टरांच्या कानावर आलं होतं. बाई चांगल्या होत्या म्हणे. वाईट असत्या तर सिस्टरांना निदान राग तरी धरता आला असता. त्या पदवी मागायला केंद्रात गेल्या, तेव्हा समन्वयकांनी त्यांना बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की पुढे काय येतं, हे सिस्टरांना आता ठाऊक होतं.

"एक किरकोळ अट राहिलीय. पदवीसाठी एक सत्र विद्यापीठाच्या मुख्य परिसरात राहून शिकलेलं असावं लागतं."

"पण साहेब, लांब जावं लागू नये म्हणून तर हे केंद्र काढलं ना?"

"अगदी बरोबर. म्हणूनच शिकायला इथे आणि राहायला तिथे."

सिस्टरांनी सांगितलं की वॉर्ड आहे, घर आहे, सासूबाई चाचपत चालतात, जाणं शक्य नाही. समन्वयक काही दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यांनी पाठपुरावा केला, आणि इमारतीचा वरचा मजला हा तिन्ही विद्यापीठांचा मुख्य परिसर असल्याचं रीतसर घोषित करून आणलं. वर तशी पाटीही लागली. सिस्टर आनंदाने जिना चढू लागल्या, तेवढ्यात कारकुनाने खालून हाक मारली.

"बाई, वर जाऊ नका! वर गेलात तर तुमचं नाव केंद्रातून कमी होईल."

"का?"

"केंद्र फक्त मुख्य परिसरापासून लांब राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही आता मुख्य परिसरातल्या झालात की केंद्रात कशा?"

"मग मी मुख्य परिसरातली विद्यार्थिनी."

"त्याला केंद्राचा स्थलांतर दाखला लागतो."

"मग द्या."

"केंद्र दाखला देत नाही. केंद्र फक्त जागा देतं."

सिस्टर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थबकल्या. वर गेल्या तर खालचं जात होतं, खाली आल्या तर वरचं मिळत नव्हतं. त्या तिथेच बसल्या. रात्रपाळ्या करून, पोरांच्या उलट्या पुसून, आयांच्या शिव्या खाऊनही ज्यांच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही, त्या सिस्टर त्या पायरीवर बसून पदराने डोळे पुसू लागल्या. जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून जात होते. एकाने विचारलं, "रांग इथून आहे का?" आणि त्यांच्यामागे उभा राहिला.

घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी आता नाही जाणार. साध्या पाळीवर जाते. पोरं तीच आहेत."

नवरा चष्म्याची काच पुसत होता. त्याने ती उजेडात धरून पाहिली. "पोरं तीच आहेत," तो म्हणाला. "पण बाहेरून येणारी बाई तुला सांगणार की सिस्टर, असं नका करू, तसं करा. आणि ती संध्याकाळ मला घरी काढायची आहे. माझाही विचार कर."

सिस्टरांना हसू आलं आणि रागही आला. बहुधा रागच उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात खाटा हलवायच्या होत्या. खोकणारी मुलं एका बाजूला घ्यायची होती. सिस्टरांनी पदर खोचून खाटा ओढल्या, आणि ओढता ओढता मध्येच थांबल्या. मग तशाच, पदर खोचलेल्याच, त्या थेट केंद्राच्या कचेरीत गेल्या. कारकून मोठ्या विद्यापीठाच्या टेबलामागे बसला होता. कुणाला काही कळायच्या आत सिस्टरांनी जुन्या विद्यापीठाचं टेबल कर्रकन ओढून त्याच्या डाव्या अंगाला लावलं आणि नव्या विद्यापीठाचं उजव्या. कारकून तिन्ही पाट्यांच्या मधोमध अडकला.

"बाई, हे काय करताय? आता मी कोण?"

"आता तुम्ही संयुक्त," सिस्टर म्हणाल्या. "तिन्ही विद्यापीठं एका टेबलावर बसली आहेत. हिला बैठक म्हणतात. इतिवृत्त लिहा."

कारकुनाला घाम फुटला. पण समोर बैठक बसलेली असताना इतिवृत्त न लिहिणं हे त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने लिहिलं. जिन्याचा मधला टप्पा हा केंद्र आणि मुख्य परिसर या दोहोंत येतो, सबब त्यावर बसलेली व्यक्ती एकाच वेळी दोन्हीकडची समजावी, असा ठराव झाला. सिस्टर त्या टप्प्यावर बसल्या होत्या याला साक्षीदारही होता, तो रांगेतला. अजून तिथेच उभा होता.

समन्वयक बाहेर आले, त्यांनी तीन टेबलं एकत्र पाहिली आणि ती ओढून पुन्हा लांब करायला ते पुढे झाले. पण ठराव एकमताने झाला असल्याने त्यांचा नाइलाज होता. पुढे तर कमालच झाली. केंद्राची पहिली यशस्वी विद्यार्थिनी आपलीच, असं तिन्ही विद्यापीठांनी एकाच दिवशी जाहीर केलं. पदवी कुणी द्यायची यावरून आजवर जे टाळाटाळ करत होते, ते आता हातघाईवर आले. शेवटी एकच पदवी तिघांनी मिळून द्यावी असं ठरलं. निवडीच्या आधी ती सिस्टरांच्या हातात पडली, आणि खुर्चीही त्यांनाच मिळाली.

रुग्णालयाच्या सभागृहात सत्कार झाला. अधीक्षक म्हणाले, जिद्द असावी तर अशी. समन्वयकांनी केंद्राने दिलेल्या जागेबद्दल भाषण केलं. सर जुन्या विद्यापीठाच्या वतीने बोलले, खाली बसले, मग मोठ्या विद्यापीठाच्या वतीने उठून आधीच्या वक्त्याशी आपण सहमत नसल्याचं त्यांनी सांगितलं, आणि शेवटी नव्या विद्यापीठाच्या वतीने दोघांचे आभार मानले. चित्रकलेच्या बाई मनमोकळ्या हसल्या. नवरा मागच्या रांगेत बसून नाक शिंकरत होता. सिस्टरांचा चेहरा असा उजळला होता की वॉर्डातल्या पोरांनी ओळखला नसता.

टाळ्या थांबल्या, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "छान झालं गं बाई. खूप दगदग केलीस. पण शिकलीस काय?"

लोक हसले. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हसतात तसं. मग हसणं ओसरलं, आणि उत्तर ऐकायला सगळे थांबले.

अधीक्षकांनी समन्वयकांकडे पाहिलं. समन्वयकांनी पंख्याकडे पाहिलं.

"सांगते हं आई," सिस्टर म्हणाल्या. "पेपर पहिला होता... पेपर दुसरा..." आणि त्या सरांकडे वळल्या.

सर उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. "कुठल्या विद्यापीठाच्या वतीने सांगू?"

सभागृहातल्या या प्रसंगाला वाचकांनी जरूर हसावं. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की विषय कोणता, हे आम्ही पहिल्या ओळीपासून कुठेही सांगितलेलं नाही. सिस्टरांच्या हाती पदवी पडली तेव्हा आपल्यालाही हायसं वाटलं असेल. सासूबाईंनी विचारेपर्यंत आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही.